पाळू रान

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि लिहिणं म्हणजे आमच्याकडे सही. वडील तारिहाळला एका कारखान्यात लेथवर आहेत. मी एका बाईबद्दल लिहितोय असं त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "तिला विचारलास काय?" विचारलं नाही. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे मला माहीत आहे. उजवा हात पुढे धरून रिकाम्या तळहातावर "फू" केलं असतं.

ही फुंकर ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगणं अवघड आहे. धान्य पाखडल्यावर हातावरचं फोलपट उडवतात, तशी. ओठ पुढे, डोळे समोरच्या माणसावर. हातावर काही नसायचंच. तेव्हा त्या घटकेला फोलपट कोण, ते समोरच्यानं ओळखायचं.

तुमच्यापैकी कुणी कलघटगीच्या बाजारात सागाच्या पानातलं लोणी घेतलं असेल, तर ती तुम्ही पाहिली असेल. साठीची, काटक, काष्टा घातलेली. एकदा धारवाडच्या एका बाईनं नखानं लोणी टोकरून विचारलं, "शुद्ध आहे ना?" हिनं तो गोळा उचलला, पानात गुंडाळला, टोपलीत ठेवला आणि फुंकर मारली. बाई म्हणाली, "अहो, घेते की." ही म्हणाली, "मी देत न्हाई की."

नाव लिहीत नाही. कागदावर काही लिहायचं म्हटलं की मला आता भीती वाटते, आणि ती का, ते पुढे येईल. आम्ही तिला अक्का म्हणायचो.

कलघटगीच्या पुढे रान सुरू होतं, तिथं गवळ्यांचा एक वाडा आहे. वाडा म्हटल्यावर दगडी चौकट डोळ्यांपुढे आणू नका. गवताच्या आणि पत्र्याच्या बारा झोपड्या, आणि माणसांपेक्षा म्हशी जास्त. ही माणसं मराठी बोलतात. कधीकाळी घाटाकडून म्हशी हाकत आलो, असं सांगतात. शहरातल्या आमच्या कमरीपेठेत 'गवळी' हा शब्द शिवीसारखा वापरायचे. चपला न काढता घरात शिरलो की आई म्हणायची, "गवळ्याच्या वाड्यातनं आलास काय?"

मी खरोखर तिथनं येऊ लागलो ते एका सरांमुळे. मी धारवाडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सर एका संस्थेचे. अंगात खूप खिशांचा सदरा, डोक्यावर हनुवटीखाली दोरी बांधायची टोपी. त्या खिशांत काय असतं ते मी वर्षभर बघत होतो. एकात चष्मा असायचा. बाकीचे रिकामे. रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना ते रान राखायचा हक्क कायद्यानं मागता येतो. त्यासाठी अर्ज आणि नकाशा लागतो. अर्ज कन्नडमध्ये, लोक मराठी. सरांना दोन्ही भाषा येणारा आणि बसभाड्यावर राबणारा कुणीतरी हवा होता. वर्गात मी हात वर केला. दुसऱ्या कुणी केला नाही, यावरूनच मला कळायला हवं होतं.

पहिल्या दिवशी मी पुस्तकातलं मराठी काढलं. अक्का म्हशीचं अंग घासत होती. मी म्हटलं, "आपण आम्हाला थोडी माहिती देऊ शकाल का?"

ती वळून ओरडली, "अगं ए, आपण आल्यात बघा! आपणास्नी घोंगडं टाका!"

सगळा वाडा हसला. मग मला म्हणाली, "कुठला रे तू?"

"कमरीपेठेचा."

"मग कमरीपेठेचं बोल की. तोंडात खडीसाखर धरून काय बोलायलास? आणि ते हातात काय?"

"कागद. तुमचं रान लिहायचंय."

फू. त्या दिवसापासून माझं नाव 'कागद' पडलं. "ए कागदा, जेवलास काय?" "ए कागदा, म्हशीच्या मागं उभारू नको, लाथ घालंल." परतीच्या बसमध्ये मी तिला मनातल्या मनात अडाणी म्हटलं. दोनदा म्हटलं. खोटं कशाला सांगू?

पुढच्या खेपेला सर स्वतः आले. वाड्यातल्या लोकांना घोंगड्यांवर बसवून त्यांनी वन्यजीव का वाचवायचे ते समजावलं. मी भाषांतर करत होतो. मासळीला पोहायला शिकवावं, तसं ते चाललं होतं. सरांनी धनेश पक्ष्याचा मोठा रंगीत फोटो वर धरला. "हा पक्षी तुमच्या रानात आहे. परवाच मी टिपला. त्याला जपलं पाहिजे."

अक्कानं विचारलं, "बाप्या का बाई?"

सरांना भाषांतर समजलं, प्रश्न समजला नाही. "अं?"

"डोळा पांढरा हाय. बाई हाय ती. आता शिमग्याच्या दिवसांत बाई ढोलीत बसलेली असती. तोंड लिंपून घेऊन. बाप्या बाहेरनं चारतो. ही तुमची परवा कुठनं उडत आली?"

सर हसले. फोटो दुसऱ्या कुणाचा तरी होता, हे त्यांनी मला बसमध्ये सांगितलं, तेही इंग्रजीत. तिथं मात्र त्यांनी विचारलं, "ती ढोली कुठल्या झाडाला आहे? नकाशावर खूण करू या."

"सांगणार न्हाई."

"का?"

"तुमी बघायला येशीला."

हे मी भाषांतर केलं नाही. करायची गरज पडली नाही, तिनं फुंकर मारली होती.

एके दिवशी ती मला ओढ्याच्या वरच्या अंगाला घेऊन गेली. तिथं रान एकदम दाट झालं. तोंडाशी एक मत्तीचं, म्हणजे ऐनाचं, झाड, आणि त्याच्या बुंध्याला म्हशीचं जुनं दावं बांधलेलं. अक्का दाव्यापाशी थांबली आणि चपला काढल्या. मीही काढल्या. पुढे मात्र ती गेली नाही.

"हे पाळू रान," ती म्हणाली. "ह्यात म्हस घालायची न्हाई. वाळलेली काटकीसुदिक उचलायची न्हाई. आत झरा हाय, त्यो आमचा न्हाई. गव्यांचा, सांबराचा, सगळ्यांचा."

"किती वर्षं?"

"थकवा जाईस्तोवर. माणूस बाळंत झालं की त्याला बसवत न्हाईत काय? तसं. दावं बांधणारानं बघायचं आणि सोडायचं. जो बांधंल त्यानंच, आपल्या हातानं. ह्या खेपंला मी बांधलंय."

"आणि बांधणारा मधेच मेला तर?"

"मग त्याचा पणतू सोडतो." हे तिनं असं सांगितलं, जसं आपण सांगतो की बस पुढच्या स्टॉपवर थांबते.

नंतर तिच्या धाकट्या लेकानं एक गोष्ट सांगितली. तो विशीतला पोरगा, म्हशी चारायचा, आणि वाड्यातला फोन त्याच्याकडे असायचा. दोन वर्षांमागे अक्काचीच म्हैस दोर तोडून पाळू रानात शिरली होती. कुणी पाहिलं नव्हतं. अक्कानं स्वतःच वाडा गोळा केला, सांगितलं, आणि अकरा दिवस त्या म्हशीचं दूध आपल्या चुलीवर चढू दिलं नाही, दुसऱ्यांच्या घरी पोचवलं. लेक म्हणाला, "मला च्यालासुदिक दिलं न्हाई, अण्णा. काळा च्या प्यालो मी अकरा दिवस." त्याला अजून राग होता.

आमच्या कॉलेजात दर वर्षी पर्यावरण दिनाला एकाच खड्ड्यात झाड लावतात. खड्डा तोच, झाड नवं, फोटो नवा. त्या वर्षी मी तिथं फावडं धरून उभा होतो, आणि मला तो काळा चहा आठवला. मी फावडं ठेवून दिलं. भांडायची हिंमत मात्र नव्हती.

पण हे पुढचं झालं. त्याआधी अर्ज. सरांनी मला बजावलं होतं, "लोकांचा शब्द जसाच्या तसा ठेवायचा. आपला शहाणपणा घुसवायचा नाही." ते मला फार आवडलं होतं. नकाशातल्या प्रत्येक जागेचं नाव मी वाड्यात बसून, विचारून, कन्नड अक्षरात लिहिलं. ओढा, चराईचा माळ, म्हशींचं डबकं. शेवटी त्या रानावर बोट ठेवलं.

"ह्याला काय लिहू?"

"पाळू."

मी लिहिलं, पाळु. अंगठा उठवण्याआधी अक्का म्हणाली, "वाचून दाखव." मी सगळं मोठ्यानं वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. पाळूपाशी आलो तेव्हा तिनं मान हलवली. "बरोबर." वर्षभरात तिच्या तोंडून हा शब्द मला एकदाच मिळाला. तो घेऊन मी हवेत तरंगत घरी आलो.

जूनच्या सुरुवातीला लेकाचा फोन आला. "आई म्हणत्या, कागदाला बोलीव."

पाळू रानाच्या तोंडाशी ओळीनं खड्डे खणले होते. सावलीत काळ्या पिशव्यांतली अकेशियाची रोपं मांडून ठेवलेली. मत्तीचं झाड तसंच, दावं तसंच, खड्डे त्याच्या बाजूनं आत गेले होते. रानाचा गार्ड बिडी ओढत उभा होता, समोर वाड्यातल्या बायका. मला कन्नडमध्ये म्हणाला, "तम्मा, माझ्यावर कशाला ओरडतात ह्या बायका? तुमच्याच अर्जात आहे. पाळु. उजाड जमीन दिसली की झाडं लावा, असा वरनं हुकूम आहे."

आमच्या भागातल्या माणसाला मी फोड करून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. कन्नडमध्ये पाळु म्हणजे उजाड. ओसाड. पडक्या घराला पाळु घर म्हणतात. मी पहिलीपासून कन्नड शाळेत शिकलोय, हा शब्द मला लहानपणापासून येतो. पण मी कानानं मराठी ऐकत होतो आणि हातानं कन्नड लिहीत होतो. दोघांची गाठ पडली नाही. राखलेल्या रानाला मी माझ्या सुंदर अक्षरात उजाड लिहून दिलं होतं.

गार्ड हे बोलत होता तेव्हा त्याच्या डोक्यावर चार पुरुष उंचीची झाडं होती. त्याची टोपी त्यांच्या सावलीत होती. कागदावर उजाड होतं म्हणून त्याला ती दिसत नव्हती. त्याला काय म्हणायचं ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण ज्यानं लिहिलं त्यानं ते कसं म्हणायचं?

मी अक्काला सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, तिच्याकडे न बघता. ती खड्ड्याच्या कडेला बसली.

"म्हणजे त्यांच्यात पाळू म्हणजे मेलेलं?"

"हो."

"तू वाचलास तवा मला आमचंच ऐकू आलं."

"हो, अक्का."

"मी म्हटलं म्हणून लिहिलास. डोकं कुठं ठेवलं हुतंस?"

मी वाट बघत होतो. तिनं फुंकर मारावी, असं मला त्या दिवशी मनापासून वाटत होतं. मारली नाही. हात मांडीवर पालथा ठेवून बसून राहिली.

मग उठली आणि पदर खोचला. दुपारपर्यंत वाड्यातल्या बायकांनी सगळे खड्डे बुजवले. रोपं उचलून रस्त्याकडेला सावलीत नेऊन ठेवली, एकही न मोडता, वर पाणी शिंपडून. गार्ड म्हणाला, "मी वर कळवीन." अक्का म्हणाली, "कळीव. आणि रोपांस्नी रोज पाणी घाल म्हणावं. त्यांनी कुणाचं काय केलंय?"

आम्ही दुरुस्तीचा अर्ज केला. राखलेलं रान याला कन्नडमध्ये 'काय्द काडु' लिहिलं. वाचून दाखवलं तेव्हा अक्का म्हणाली, "कायदा?" आणि बऱ्याच दिवसांनी फू केलं. मला बरं वाटलं. कचेरीतल्या कारकुनानं कागद उलटसुलट केला. "एकदा पाळु म्हणता, एकदा काय्द म्हणता. रान तेच ना?" मी म्हटलं, तेच. "मग खोटं कधी बोललात?" त्यानं शिक्का मारून पोच दिली आणि डबा उघडला.

सरांना कळलं तेव्हा ते खूश झाले. खरंच खूश झाले. "किती सुंदर उदाहरण आहे हे!" त्यांनी त्यावर निबंध लिहिला आणि धारवाडला परिसंवाद भरवला. भिंतीवर अक्काचा फोटो, खाली 'जंगलाची माता'. अक्काला व्यासपीठावर बसवलं, शाल घातली, हार घातला, आणि कुंडीतलं शोभेचं रोप हातात दिलं. तास-दीड तास वक्ते बोलले. पाळू रान कुठल्या दिशेला आहे हेही त्यातल्या एकाला सांगता आलं नसतं. शेवटी सर म्हणाले, "अक्का, दोन शब्द बोला."

अक्का माइकपाशी गेली. "एका शब्दात रान जायची पाळी आली. तुमाला आणि दोन कशाला पायजेत?"

मी भाषांतर केलं. टाळ्या पडल्या. लोक हसले, कुणी 'वा' म्हणालं. ती त्या टाळ्यांकडे बघत राहिली. मग हात पुढे धरला आणि माइकसमोरच फू केलं. सभागृहभर वारा सुटल्यासारखा आवाज झाला. माइकवाला धावत आला, "चालू आहे हो माइक, बोला बोला."

बाहेर आल्यावर तिनं हार रस्त्यावरच्या गाईला घातला. कुंडी मला दिली. "घरी ठेव. कागदाला सावली होईल."

मार्चमध्ये सरांचा प्रकल्प संपला. ते आता समुद्रकाठच्या कासवांकडे गेलेत. कासवांना बोलता येत नाही, तेव्हा तिकडे सगळं सुरळीत असेल. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. उन्हाळा कडक गेला, वाड्याकडे गवत नाही, असं मी कुणाकडून तरी ऐकलं. जाऊन आलो नाही. अभ्यास होता असं म्हणतो. खरं म्हणजे दुरुस्तीच्या अर्जाचं उत्तर आलं नव्हतं, आणि हात हलवत तिच्यापुढे उभं राहायचं धैर्य नव्हतं.

जुलैत उत्तर आलं, कॉलेजच्या पत्त्यावर. ते घेऊन मी बाजारच्या दिवशी कलघटगीला गेलो. तिच्या जागेवर तिचा लेक बसला होता. सागाच्या पानांवर लोणी होतं. गोळे लहान होते.

"अक्का कुठं?"

"तुला कळलं न्हाई?" तो म्हणाला. "दीड महिना झाला की, अण्णा. ताप आला, उतरलाच न्हाई."

मी त्याच्या शेजारी खाली बसलो. गिऱ्हाईक आलं, त्यानं लोणी दिलं, हात पुसला. मग आपणहून सांगू लागला. उन्हाळ्यात चारा संपला. दोन म्हशी गेल्या. सगळा वाडा म्हणत होता, अक्का, दावं सोड, आत कंबरभर गवत आहे. गार्डही हसून सांगून गेला होता, घाला की म्हशी, तुमचंच रान ना. "आई म्हणायची, आता म्हशी घातल्या की त्यो लगीच लिहितोय, बघा, ह्यांनीच उजाड केलं. आमाला पटायचं, पण म्हशीला कसं पटवायचं?" मग तिला ताप आला. चौथ्या दिवशी त्यांनी तिला घोंगड्यात घालून मत्तीच्या झाडापाशी नेलं. सोडायचं ते तिनंच, आपल्या हातानं.

"मीच म्हटलं, आई, सोड. तिचा हात धरून दाव्यावर ठेवला."

"मग?"

त्यानं लोण्याचा तळहात पुढे धरला आणि फुंकर मारली. हुबेहूब.

थोड्या वेळानं त्याची नजर माझ्या हाताकडे गेली. "त्यात काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. सदर रान आपण राखत आल्याचा तीन पिढ्यांचा पुरावा जोडावा.

त्यानं पानांवरच्या माशा हाकल्या. मग त्याला हसू आलं, आईसारखंच, एका बाजूनं.

"आता माझा नातू सोडणार दावं," तो म्हणाला. "आणि माझं तर अजून लगीनच न्हाई."